रिकाम्या डब्याची पूजा

दाभाडे साहेबांना देवाचं वावडं होतं, असं आमच्या खामगावच्या एमआयडीसीत अजून सांगतात. सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्यांना पाहिलेलंही नाही. उरलेल्या निम्म्यांनी साहेबांनी स्वतः बाजारातून आणलेल्या झेंडूवर कित्येक दसरे फुकटात काढले आहेत. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी पूर्वी भांडायचे. आता कोणी सुरू केलं की मी उठून प्रयोगशाळेत जाते आणि काचेची भांडी धुते.

आमचा कारखाना तेल घट्ट करण्याचा. सरकीचं किंवा तसलंच एखादं पातळ तेल बंद टाकीत तापवायचं, त्यात हायड्रोजन वायू सोडायचा, की ते तुपासारखं थिजतं आणि साबणवाल्यांकडे जातं. पण हे आपोआप होत नाही. त्यासाठी तेलात निकेलची काळी पूड मिसळावी लागते. तिला कॅटॅलिस्ट म्हणतात. ती काम करून देते आणि स्वतः खर्च होत नाही. गाळून काढायची, पुन्हा वापरायची. कारखान्यातली सगळ्यांत महाग वस्तू तीच. आमचे मालक बापूसाहेब तिला लक्ष्मी म्हणत. दाभाडे साहेब नुसतं 'बाई' म्हणत. "ताई, आज बाईची तब्येत बरी दिसत नाई," असं सकाळी दारातूनच सांगत, आणि मी नमुना तपासला की खरोखरच बरी नसे.

मधुकर दाभाडे हे आमचे प्लांट मॅनेजर. गाव धामणगाव बढे. नागपुरात तेलाचं शास्त्र शिकलेले, पण बोलणं गावाकडचंच राहिलं आणि ते त्यांनी बदललंही नाही. अंगानं वाळकुडे, चालणं भरभर, आणि नाक मात्र असं की देवानं बाकी शरीराचा हिशेब तिथेच पुरा केला असावा. त्या नाकाचा ते भरपूर उपयोग करत. चहा आला की आधी वास. तेलाचा टँकर आला की वास. मी माझ्या लग्नाची पत्रिका दिली, तिचाही वास घेऊन म्हणाले, "शाई कच्ची आहे, पन पोरगा पक्का पाहाजो." चष्मा पुसायला त्यांच्या खिशात गाळणीच्या जाड कापडाचा तुकडा असे. त्या कापडानं काचांवर बारीक ओरखडे पडले होते. मी सांगितलं तर म्हणाले, "ओरखड्यातूनही दिसते. घाण बसली तर दिसत नाई."

मी नवी होते तेव्हा मला कॅटॅलिस्ट कळत नव्हता. काळी पूड ती काळी पूड, आज काम करते, महिन्याभरानं करत नाही, रंग तोच, वजन जवळजवळ तेच. मग बिघडतं काय? साहेबांनी फळा घेतला नाही की पुस्तक काढलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मला आठवडी बाजारात घेऊन गेले. दोन्ही बाजूंनी दुकानं असलेल्या एका बोळासमोर उभं केलं. बोळाच्या तोंडाशी कोणीतरी कांद्याची हातगाडी आडवी लावली होती.

"आत पाहा," ते म्हणाले. "दुकानं उघडी हायेत?"

"उघडी आहेत."

"माल हाये?"

"आहे."

"गिऱ्हाईक?"

आत एकही गिऱ्हाईक नव्हतं. कापडवाला हातावर हनुवटी टेकून बसला होता.

"निकेलच्या दाण्यात असेच बोळ असतात. डोयाले दिसत नाई इतके बारीक. खरं काम बाहेर होत नाई, त्या बोळाच्या आत होते. तेलाले आत शिरावं लागते, गॅसलेही शिरावं लागते. तेल साफ करतानाचा साबण त्याच्यात राह्यला, तेलाचा चीक राह्यला, काई जळलं, का ते जाऊन तोंडाशीच बसते. मंग लोक म्हनते, कॅटॅलिस्ट मेला. मेला नाई. आत सगळं शाबूत हाये. त्याच्यापाशी पोचताच येत नाई कोनाले."

मग त्यांनी त्या गाडीवाल्याकडून कांदे घेतले, वास घेतला आणि त्याला म्हणाले, "काऊन बे, लोकायच्या पोटावर गाडी लावतं का?" तो हसला आणि गाडी चार हात पुढे नेली. मी बोळाकडे बघत उभी राहिले. दोन बाया लगेच आत शिरल्या.

आता पूजेचं सांगते, कारण सगळं तिथूनच फिसकटलं.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. पंप, बॉयलर, वजनकाटा, ट्रक, सगळ्यांना हळदकुंकू लागतं, झेंडूच्या माळा चढतात, नारळ फुटतो. बापूसाहेबांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणतो, स्वतः ताट घेऊन फिरतात. बाई मायाळू, कामगारांच्या घरातलं कोण आजारी आहे हेही त्यांना ठाऊक. त्यांचं म्हणणं असं, की लोखंडाची पूजा करता आणि लक्ष्मीला विसरता, हे बरं नव्हे. आणि लक्ष्मी म्हटली की तिला पंचामृत हवं.

साहेबांनी यावर वाद घातला नाही. त्यांनी कॅटॅलिस्टचा एक रिकामा डबा घासून लख्ख केला, झाकण घट्ट बसवलं आणि तो खऱ्या टाकीपासून दूर, दाराजवळ पाटावर मांडला. सकाळी बाजारात जाऊन झेंडू आणला आणि माळ स्वतः ओवली. इतकी वेडीवाकडी, की काकू दरवर्षी हसायच्या. पूजा त्या डब्याची व्हायची. पंचामृत झाकणावर पडायचं, ओघळायचं, पुसलं जायचं. साहेब स्वतः हात जोडत नसत, पण डब्याशेजारी उभे राहत आणि पूजा आटोपली की सगळ्यांना प्रसाद वाटत. दुपारी आईला घेऊन नागपूरच्या गाडीला जात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं हे मायलेकांचं कधी चुकलं नाही.

मी एकदा विचारलं, "साहेब, तुमचा विश्वास नाही, मग एवढी खटपट कशाला?"

"फुलानं निकेलचं काई बिघडत नाई, मानसाचंही नाई," ते म्हणाले. "झाकण उघडलं नाई म्हंजे झालं."

त्या वर्षी त्यांच्या आईचे गुडघे फार दुखत होते. गर्दी व्हायच्या आत पोचावं म्हणून साहेब अष्टमीलाच निघाले. जाण्याआधी डबा घासला, झेंडू आणून ओल्या फडक्यात ठेवला आणि ऑपरेटर गजानन टिकारला बजावलं, "पूजा याची. टाकीले हात लावू देऊ नको."

गजानन हा साहेबांचा पट्टशिष्य. कारखान्यात आला तेव्हा त्याला व्हॉल्व कुठल्या बाजूला फिरवायचा तेही कळत नव्हतं. साहेबांनी त्याला हाताला धरून शिकवलं. पण शिष्याच्या पोटात गोष्ट राहत नसे. नवमीला काकू ताट घेऊन डब्यापाशी आल्या आणि त्यानं कौतुकानं सांगून टाकलं, "काकू, हा तं रिकामा हाये. साहेब दरसाल रिकामाच मांडते."

काकूंचा चेहरा उतरला. इतकी वर्षं आपण रिकाम्या डब्याला पंचामृत वाहत होतो हे कोणालाही लागलंच असतं. त्या म्हणाल्या, "खरी कुठं हाये, दाखव." गजाननं दाखवली. टाकीचं झाकण उघडलं गेलं. आत गाळून परत आलेला काळा कॅटॅलिस्ट, कोमट तेलात कालवलेला. काकूंनी तांब्याभर पंचामृत वाहिलं. मग कामगारांनी रांगेनं एकेक पळी घातली, भक्तिभावानं. दूध, दही, तूप, मध आणि साखर. मी तिथे नव्हते. त्या दिवशी प्रयोगशाळेला सुट्टी होती. हे सगळं मला नंतर गजाननंच सांगितलं, आणि सांगताना त्याचा सूर चूक सांगण्याचा नव्हता, सोहळा सांगण्याचा होता.

दसऱ्यानंतर कारखाना सुरू झाला. टाकी तापली, हायड्रोजन सोडला आणि दाबाचा काटा होता तिथेच राहिला. एरवी तेल वायू पिऊ लागतं तसा काटा खाली येतो. हा हलेना. दिवसभर तेल पातळच.

साहेब नागपूरहून आले ते तडक टाकीवर. झाकण काढलं, बोटावर घेतलं, नाकापाशी नेलं. मी शेजारीच होते. त्यांनी गजाननकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "गोड काऊन वास येऊन राह्यला रे?"

गजाननं सांगितलं. साहेब पायरीवर बसले. खिशातलं कापड काढून त्यांनी चष्मा पुसला.

"साखर जळली," ते मला म्हणाले. "दुधाचा चोथा जळला. कोळसा होऊन त्या बोळाच्या तोंडाशी बसला असेल. हे सगळं काढून टाका लागते, ताई. टाकी धुवून नवं भरा लागते. दुसरा उपाय नाई."

मी म्हणाले, "तेलातला साबण नीट धुतला गेला नाही, असं सांगा ना. त्यानंही असंच होतं. कोणाचं मन दुखणार नाही."

"मंग ते साबणाचा शोध घेत बसतील, अन् पुढल्या वर्षी पुन्हा साखर पडेल," ते म्हणाले आणि बापूसाहेबांच्या खोलीत गेले.

काय झालं ते काचेच्या दारातून सगळ्यांनी ऐकलं. बापूसाहेबांचा आवाज तसा शेतावरचा, पलीकडच्या धुऱ्या-बांधावर जाणारा. "दाभाडे, आमच्या घरच्या बाईनं पूजा केली म्हनून नास झाला, असं म्हनाचं हाये का तुमाले?"

"पूजेनं काई झालं नाई, बापूसाहेब. साखरेनं झालं."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं, असं आमचे शहाणे लोक अजून म्हणतात. मला विचाराल तर त्या कारखान्यात बोललं गेलेलं तेवढं एकच स्वच्छ वाक्य मी ऐकलं आहे. पण दारातून बाहेर पडेपर्यंत त्याचं शेपूट बदललं. संध्याकाळपर्यंत कॅन्टीनमध्ये गोष्ट तयार होती: साहेबाले पूजा चालत नाई. साहेब त्यायच्यातले ना. पूजा टाळाले तं आधीच पळाले. देवीले रिकामा डबा दाखवत होते इतकी वर्षं, आता भोगा.

'त्यायच्यातले' हा शब्द म्हणताना माणसं आवाज किती सहज खाली आणतात ते मी त्या आठवड्यात पाहिलं. ज्यांच्या घरच्या बारशाला साहेब आहेर घेऊन गेले होते, तीच माणसं.

बापूसाहेबांनी पुण्याहून सल्लागार बोलावला. तो साहेबांच्या बोलण्यावर आधी गालातल्या गालात हसला, मग कांद्याच्या गाडीचं ऐकून गंभीर झाला. प्रयोगशाळेत माझ्यासमोर म्हणाला, "तुमचं निदान बरोबर आहे. छिद्रांची तोंडं बुजलीत." आणि अर्ध्या तासानं बापूसाहेबांसमोर म्हणाला, "उष्णता थोडी वाढवून बघू. एवढा माल फेकायची घाई कशाला?"

साहेब तिथेच होते. "आत वाट नाई तं उष्णता काय करीन?" ते म्हणाले. "अजून जळून बसीन." त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. माझे आकडे टेबलावर होते; बापूसाहेब मला म्हणाले की मॅडम, तुम्ही आकडे द्या, मत देऊ नका.

उष्णता वाढवली. तेल थोडं घट्ट झालं, बरंचसं काळवंडलं. आणि गाळणी तुंबली. गाळणीच्या कापड चढवलेल्या लोखंडी पट्ट्यांमध्ये कॅटॅलिस्टचा काळा थर जमतो. आमचे तेलघाणीवाले लोक त्याला पेंडच म्हणतात. ही पेंड गरम असताना हवेला लागली तर आपोआप पेटते. ती थंड होईपर्यंत पट्ट्या उघडायच्या नाहीत, हा साहेबांचा पहिला नियम. नव्या माणसाला आपलं नाव सांगण्याआधी ते हा नियम सांगत. त्या दिवशी साहेब बॉयलरकडे होते. टँकर दारात खोळंबला होता. बापूसाहेब स्वतः गाळणीपाशी येऊन म्हणाले, "खोल बे, काय पाहून राह्यला?"

गजाननं खोलली.

मी किंकाळी ऐकून धावले तोवर साहेब पोचले होते. लाल झालेली पेंड गजाननच्या उजव्या हातावर कोसळली होती. साहेब ओली पोती त्याच्या हाताला गुंडाळत होते आणि त्याला सारखं सांगत होते, "माह्याकडं पाह्य. हाताकडं पाहू नको. माह्याकडं पाह्य." त्यांचे स्वतःचे तळवे भाजले होते, ते त्यांना नंतर कळलं.

गजानन दवाखान्यातून आला, त्यानंतर बापूसाहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. दवाखान्याचा खर्च त्यांनीच केला होता आणि गजाननची नोकरी कायम करण्याचा शब्दही दिला होता. हे गुपित नव्हतं, कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. बापूसाहेबांनी विचारलं, "गजानन, पट्ट्या खोलाले कोनं सांगतलं?"

गजानन बँडेजमधल्या हाताकडे बघत राहिला. "साहेबायनं," तो म्हणाला.

खोलीत आम्ही जितके होतो, तितक्यांना खरं ठाऊक होतं. मी बोलले. मी म्हणाले, साहेब बॉयलरवर होते, मी स्वतः पाहिलंय. बापूसाहेबांनी माझं ऐकून घेतलं आणि गजाननला पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

दाभाडे साहेब त्याच्याकडे पाहत होते. मला वाटलं, आता कडाडतील. ते म्हणाले, "दुखते का रे फार?"

गजाननं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

त्याच दिवशी साहेबांनी किल्ल्या दिल्या. मी त्यांच्या मागे गेटपर्यंत गेले, फार संतापले होते. "तुम्ही बोलला का नाहीत? त्याला घडवला तुम्ही, आणि तो—"

"त्याले दुसरी फॅक्टरी कुठं हाये, ताई? भाजल्या हाताचा ऑपरेटर कोन घेते?" बँडेज बांधलेल्या हातानं त्यांनी चष्मा वर सरकवला. "मले भेटीन. मी काई निकेलची पूड नाई एका टाकीत पडून राहाले."

नोकरी नाही भेटली. मलकापूर, अकोला, जिथे जिथे तेलाचा धंदा आहे तिथे ते जाऊन आले. शिक्षण होतं, अनुभव होता, नाक होतं. पण त्यांच्या आधी गोष्ट पोचलेली असे. एका मिलवाल्यानं चहा पाजून विचारलं, "त्या पूजेले नाट लावली ते साहेब तुम्हीच का?" बाकीच्यांनी तेही विचारलं नाही, 'कळवतो' म्हणाले. साहेबांनी हे मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही, आजही येत नाही. ज्या धंद्याला अशा माणसाची गरज होती त्याच धंद्यानं वाटेत गाडी आडवी लावली, आणि ती हलवणारा कोणी निघाला नाही.

आणि कारखान्यानं काय केलं? साहेब गेल्यावर पंधरवड्यात सगळा कॅटॅलिस्ट फेकला, टाकी धुतली, नवा भरला. सल्लागाराच्या सल्ल्यानं! काटा झरझर खाली आला. बापूसाहेबांनी पेढे वाटले. मी घेतला नाही, तर म्हणाले, मॅडमले गोड चालत नाई वाटते.

पुढच्या वर्षापासून खंडेनवमीला पुन्हा रिकामा डबा मांडला जातो. सल्लागारानं तशी सूचना केली म्हणून. आता नव्या लोकांना सांगतात, ही प्रथा काकूंनी सुरू केली.

साहेब पुढे खामगावातच पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या एका दुकानात लागले. घरोघर जायचं, चिखल धरलेल्या गाळण्या काढायच्या, नव्या बसवायच्या. रस्त्यात भेटले की विचारत, "बाई कशी हाये?" मी म्हणे, बरी आहे. त्यांची आई गेली तेव्हा मी धामणगावला जाऊन आले. कारखान्यातून दुसरं कोणी आलं नव्हतं.

मागच्या खंडेनवमीची गोष्ट. पूजेची गडबड चालू होती आणि कॅन्टीनमधलं पाण्याचं यंत्र नेमकं बंद पडलं. दुकानाला फोन गेला. दुकानातली बाकीची माणसं सणाला गेलेली. दुपारी गेटवर दाभाडे साहेब उभे राहिले. दुकानाचं नाव छापलेला निळा शर्ट, हातात हत्यारांची पिशवी, केस पुरते पांढरे. गेटवरच्या नव्या माणसानं वहीत नाव लिहून आत सोडलं. कॅन्टीनमध्ये त्यांनी जुनी गाळणी काढली, वास घेतला, नवी बसवली. मी चहा आणला. तोही त्यांनी आधी हुंगला.

परत जाताना वाट शेडच्या दारावरून होती. दाराशी पाटावर डबा मांडलेला, झेंडूच्या माळेसह. माळ बाजारातून विकत आणलेली, सुबक, पण एका बाजूला घसरली होती. काकू ताट घेऊन यायच्या होत्या, सगळे रांगेत उभे होते. रांगेच्या टोकाला गजानन होता. त्यानं साहेबांना पाहिलं. त्याचा उजवा हात खिशात गेला आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

साहेब डब्याकडे वळले, तसा एक नवा ऑपरेटर पुढे झाला. त्याचा काही दोष नाही, त्यानं जे ऐकलं होतं तेच तो बोलला. "काका, दूर व्हा जरा. पूजेचा हाये. आमच्या इथं आधी एक साहेब होते, त्यायले देव चालत नव्हता, लई नुकसान झालं मंग."

"हाव का?" दाभाडे साहेब म्हणाले.

मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे न पाहताच हात किंचित वर केला. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, डब्याचं झाकण उचललं आणि आत डोकावून पाहिलं. डबा रिकामा होता. त्यांनी झाकण परत बसवलं, तळहातानं चारी बाजूंनी दाबून घट्ट केलं, घसरलेली माळ सरळ केली, आणि पिशवी उचलून गेटकडे चालू लागले.